‘वाफसा’ : परसबागेच्या पटाच्या प्रकल्प नोंदी

२० एप्रिल २०२४

काय करायचं ते आधी एका दमात लिहून ठेवते. परसबागेचा पट. रात्रीच्या जेवणानंतर घरच्यांनी मिळून खेळावा असा. दोन ते चार जण, पाऊण तास. सात वर्षांचा पोरगा आणि सत्तरीतल्या सासूबाई एकाच डावात बसतील आणि दोघांनाही आपापल्या चालीचा नीट विचार करावा लागेल, ही मुख्य अट. लहानाला जिंकता यावं म्हणून मोठ्यानं मुद्दाम हरायचं असेल, तर तो खेळ घरचा नव्हे.

आमच्या कपाटातले पट सगळे एकमेकांना हटवण्याचे. लुडोत आणि अष्टचंगात सोंगटी मारायची, व्यापारात समोरच्याचं दिवाळं काढायचं. व्यापाराचं मूळ मात्र भलतंच आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकी बाईंनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं, ते जमीन एकाच्याच हाती गोळा झाली की बाकीचे कसे नागवले जातात हे पटावर दाखवायला. त्यातूनच पुढं मोनोपॉली आली, मग आपला व्यापार, आणि मूळ हेतू वाटेतच गळून पडला. पटाचे नियमच खेळणाऱ्याला काहीतरी शिकवत असतात, हे मॅगीबाईंनी ओळखलं होतं. मी तेच धरून चालणार आहे.

बाग कुणाला मारून वाढत नाही. तिथं झगडा असतो तो उन्हाशी, पाण्याशी, किडीशी आणि स्वतःच्या घाईशी. जर्मनीतल्या हाबा कंपनीचा ‘ओब्स्टगार्टन’ १९८६ पासून चालत आलाय. त्यात सगळे खेळाडू एका बाजूला आणि फळं पळवणारा डोमकावळा दुसऱ्या बाजूला. लहानग्यांना तो फार आवडतो, पण मोठ्यांच्या डोक्याला त्यात खाद्य कमी. मला मधली वाट हवी आहे : वाडी ज्याची त्याची, पाणी सगळ्यांचं.

२८ एप्रिल

पटाचं वर्ष कोणत्या महिन्यापासून सुरू करायचं यावर आज बराच खल झाला. माझ्या मनात जून होता; पाऊस, पेरणी, सगळं तिथूनच. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जून तं सगळ्यांचाच चांगला असते वं. मे मध्ये पाणी कुठं टाकलं, तिथं वर्ष ठरते.” त्यांचं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागेत लहानाच्या मोठ्या झालेल्या. मे ठरला.

त्यामागं खरोखर मोठी गोष्ट आहे. आपल्याकडं संत्र्याचे दोन बहार धरतात. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि तोडा ऑक्टोबर ते डिसेंबर. मृगाची फुलं जून-जुलैत आणि तोडा फेब्रुवारी-मार्चला. आंबिया धरलेल्या झाडावर मे महिन्यात हिरवी फळं असतात. त्याला भर उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं, नाहीतर फळं गळतात. मृग धरायचा तर नेमकं उलटं करायचं : त्याच दिवसांत पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. पानं मलूल होतात, बघवत नाही, पण हात आवरायचा. मग मृगाचा पाऊस पडला की ताण सुटतो आणि झाड फुलांनी भरतं.

म्हणजे झाड तेच, महिना तोच; एकाला पाणी हवं आणि दुसऱ्याला पाणी नको. डावाची पहिली चाल म्हणून याहून चांगलं काय सुचणार? प्रत्येकाच्या वाडीच्या कोपऱ्यात एक मोठं संत्र्याचं झाड आधीपासून उभं राहील, आणि मे महिन्यात ज्यानं त्यानं सांगायचं : आंबिया की मृग.

१० मे

अक्षय्य तृतीया. कूलरसमोर फरशीवर बसून पहिला पट उभा केला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, वर पांढरा कागद.

प्रत्येकाची वाडी तीन बाय तीन घरांची. एका कोपऱ्यात झाड, उरलेले आठ वाफे. सगळ्यांच्या मधोमध हौद. पाणी म्हणजे निळे काचेचे मणी. वरच्या बाजूला मे ते एप्रिल अशी बारा घरांची पट्टी. दर महिन्याला आधी हवामान ठरतं, मग प्रत्येकाला दोन कामं करता येतात : पेरणी, पाणी, निंदण, तोडणी. पाचवं काम म्हणजे थांबणं. माल टोपल्यांत मोजायचा. पैसे पटावर कुठंच नाहीत.

डाव दीड तास चालला. तो कमी करता येईल, त्याची काळजी नाही. खटकलं ते वेगळंच. ‘थांब’ कुणी घेतच नव्हतं. घेतलं तर चाल फुकट गेल्यासारखी वाटायची आणि पोरगा लगेच, “आई, आता माझा नंबर कधी?” जगातल्या बहुतेक पटांवर थांबणं ही शिक्षाच असते : तुरुंगात जा, एक चाल गमवा. बागेत थांबणं हे काम आहे. ताण देणं हे काम आहे. ओल जिरू देणं हे काम आहे. हे पटावर आलं नाही तर मी वाफ्यांची चित्रं काढलेला लुडोच करून ठेवीन.

तेव्हा या प्रकल्पाचा गाभा हाच : थांबणं ही खरी, मोलाची, कधी कधी सगळ्यांत अवघड चाल झाली पाहिजे.

१९ मे

हवामान कशानं ठरवायचं? फासा नको होता. आमच्या घरी अष्टचंग चिंचोक्यांवर खेळतात, तर चिंचोकेच घेतले.

चिंचोके करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्यात मोठी गंमत आहे. सासूबाईंनी मोठे, सारख्या आकाराचे चिंचोके निवडून दिले. पोरीनं एकेक चिंचोका एकाच अंगानं ओल्या खडबडीत दगडावर घासायला घेतला. आधी तपकिरी साल निघते, मग पिवळट, मग हळूहळू पांढराशुभ्र गर लागतो. घासताना बोट तिरकं पडलं की एक कड पातळ होते आणि तो चिंचोका मग एकाच अंगावर जास्त पडतो. जाडीत जरा फरक असला तरी तेच. म्हणून घासलेले सगळे ओळीनं मांडून, टाकून बघून, वहीत पांढऱ्या-काळ्याच्या रेघा मारत जे समसमान पडतात तेवढेच ठेवले. पेटीत घालायचे झाले तर असेच निवडून घालावे लागतील.

आता किती? चार घेतले तर सोळा तऱ्हा होतात : चारही पांढरे एक तऱ्हा, चारही काळे एक. सगळे पांढरे म्हणजे अतिवृष्टी, ती सोळात एकदा. पावसाळ्याचे चारच महिने पटावर आहेत, त्यामुळं बहुतेक डाव अतिवृष्टीशिवायच जातील. तीन घेतले तर आठ तऱ्हा : तिन्ही काळे एक, एक पांढरा तीन, दोन पांढरे तीन, तिन्ही पांढरे एक. चार महिन्यांत एकदा तरी अतिवृष्टी यायची शक्यता शंभरात एक्केचाळीसच्या आसपास जाते. भीती वाटायला एवढी पुरे. तीन ठरले.

२ जून

हवामानाची पट्टी लिहून झाली. चिंचोके तेच तीन, अर्थ महिन्याप्रमाणं बदलतो.

पावसाळ्यात : तिन्ही काळे म्हणजे उघडीप, हौदात काही नाही. एक पांढरा म्हणजे बेताचा पाऊस, हौदात माणशी एक मणी. दोन पांढरे म्हणजे झड, माणशी दोन. तिन्ही पांढरे म्हणजे अतिवृष्टी : हौद काठोकाठ, आणि महिन्याभरातलं कोवळं रोप वाहून गेलं. हिवाळ्यात तिन्ही काळे म्हणजे थंडीची लाट, वेलवर्गीय पीक महिनाभर जागच्या जागी. फेब्रुवारीनंतर जितके पांढरे तितके मणी हौदातून वाफ होऊन उडाले. तिन्ही पांढरे पडले तर वर गारपीट. विदर्भात फेब्रुवारी-मार्चची गारपीट काय करते हे कुणाला सांगायला नको.

नागपूरला वर्षाचा पाऊस साधारण हजार-अकराशे मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक सगळा या चार महिन्यांत. म्हणून हौद पावसाळ्यात भरायचा आणि पुढं आठ महिने पुरवायचा. हौदाची मर्यादा माणशी पाच मणी, मे महिन्याची सुरुवात माणशी दोन मण्यांवर. आंबियाच्या झाडाला मे महिन्यात दोन मणी लागतात. चौघांनीही आंबिया धरला तर जूनच्या तोंडाशी हौद कोरडा ठणठणीत. हे लक्षात येताच आमच्याकडं जी वाटाघाट सुरू झाली ती ऐकून मला खात्री पटली की हौद मधोमधच हवा.

१६ जून

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण खेळाला नाव आज मिळालं.

खेळ चालू असताना झड पडली, पोरानं रिकाम्या वाफ्यात भेंडी पेरली. सासूबाई एकदम, “अरे पोट्ट्या, घाई काऊन करून राहिला? ओल्यात बी टाकलं तं सडते नं.” मी म्हटलं, आई, पटावर तसा नियम नाही. “मंग नियम कर.”

त्यांनी मागच्या दारी नेऊन दाखवलं. आपली काळी माती, म्हणजे पाऊस पडला की फुगते, चप्पलला किलोकिलोनं चिकटते, आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यांनी एका वाफ्यातली माती मुठीत घेऊन दाबली. बोटांच्या फटीतून लोण्यासारखी बाहेर आली. दुसरीकडं, जिथं सकाळपासून ऊन होतं, तिथली मूठभर दाबली. गोळा झाला. तो कमरेच्या उंचीवरून टाकला, तर खाली पडून भुरभुर फुटला, आणि तळवा जवळजवळ कोरडा. “हा वाफसा. हा दोन-तीन दिवस राहते. मंग दगड होते.”

या दोन-तीन दिवसांवर खेळ उभा करायचा ठरवलं.

नियम असा झाला. पावसाळ्यात दोन किंवा तीन पांढरे पडले की सगळ्या रिकाम्या वाफ्यांवर चिखलाची चकती. आठात चार वेळा, म्हणजे निम्म्या महिन्यांत. चिखलात पेरायचं असेल तर पेरा, पण एक चिंचोका टाका : काळा पडला तर बी सडलं, कार्ड गेलं. नाहीतर ‘थांब’ घ्या. पुढच्या महिन्यात उघडीप किंवा बेताचा पाऊस पडला तर तुमच्या वाफ्यावरची चकती उलटायची. मागच्या बाजूला वाफसा. वाफशावर पेरलेलं बी एक महिना पुढं सुरू होतं, आत्ताच उगवून आल्यासारखं. मात्र तो वाफसा त्याच महिन्यापुरता. नाही पेरलं तर चकती काढून टाकायची, माती घट्ट झाली. आणि पुन्हा झड आली तर पुन्हा चिखल.

कागदावर हिशेब केला. चिखलात पेरलं तर निम्म्या वेळा पीक लागतं. थांबलं तर निम्म्या वेळा वाफसा मिळून तो महिना भरून निघतो आणि बी तर नक्कीच हातात राहतं. दोन्ही पारडी जवळ जवळ आहेत, थांबण्याचं थोडं जड. हवं होतं तसंच. जुलैत थांबणं आणि सप्टेंबरमध्ये थांबणं यांतही फरक पडतो, कारण सप्टेंबरमध्ये पावसाळी भाजीला महिनेच उरत नाहीत.

३० जून

थांबणाऱ्याला हात जोडून बसवायचं नाही. खऱ्या आयुष्यात पावसानं काम बंद असलं की बायका कंपाउंडच्या भिंतीशी उभ्या राहतात आणि बियाणं इकडून तिकडं जातं. शेजारच्या काकूंचा मुनगा, म्हणजे शेवगा, आमच्याकडं आला तो असाच, फांदी तोडून.

म्हणून ‘थांब’ घेणाऱ्याला शेजाऱ्याशी एक कार्ड बदलता येतं. शेजारी म्हणजे डावीकडचा किंवा उजवीकडचा, आणि तो हो म्हणाला तरच. एका नियमानं पटावरचं बोलणं दुप्पट झालं. पोरगी मेथीच्या बदल्यात ढेमसं मागते, पोरगा कोहळं सोडायला तयार नसतो, आणि सासूबाई सगळ्यांना नाही म्हणून शेवटी पोराला हळद देऊन टाकतात.

१३ जुलै

पिकांची कार्डं. घरात जी नावं चालतात तीच छापायची : सांभार (कोथिंबीर), मुनगा, गोडनिंब (कढीपत्ता), टमाटर, ढेमसं, कोहळं, पोपट (वाल), अंबाडी, भेंडी, दोडके, मेथी, मुळा, लसूण, हळद.

महिने खऱ्याला धरून. मेथी-पालक एका महिन्यात. भेंडी, काकडी दोन. वांगी, टमाटर रोप लावल्यापासून तीन. लसूण ऑक्टोबरात लावून चार. हळद मे-जूनमध्ये लावायची आणि थेट जानेवारीत खणायची. तिला नऊ टोपल्या. त्याच वाफ्यात फेरपालट करून भाजीपाल्याच्या तेवढ्याच टोपल्या निघतात, पण दर वेळी पेरणी-तोडणीत कामं खर्ची पडतात. हळदीला वाफा लागतो, हात लागत नाहीत. सासूबाई दर डावात हळद लावतात आणि बाकीच्यांच्या धावपळीकडं शांतपणे बघत राहतात.

झेंडूवर मात्र बराच वेळ गेला. टमाटरच्या फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो, म्हणून सापळा पीक म्हणून झेंडू लावतात. पटावर तो लागून असलेल्या चार वाफ्यांतल्या पिकांना अळीपासून वाचवतो. झालं असं की प्रत्येक जण पहिल्याच फेरीत मधल्या घरात झेंडू लावून मोकळा. चारही वाड्या एकसारख्या दिसायला लागल्या की समजावं, निवड मेली. आता झेंडूला दुसरी बाजू दिली : ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याला तोडला तर तीन टोपल्या. तोडला की पहारा उठला, आणि टमाटर अजून वाफ्यात उभंच. ठेवायचा की तोडायचा यावर दर डावात चर्चा होते. वेलांवरच्या फळमाशीला झेंडूचा उपयोग नाही, हेही कार्डावर लिहिलं. ती वेगळी, तिला वेगळा सापळा.

कीड-रोगाच्या कार्डांवर उपाय छापले आहेत, तेही खरे : पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, मावा दिसला की पाच टक्के निंबोळी अर्क. पाच टक्के म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी, हे खालच्या ओळीत. कुणी पटावरून उठून घरच्या वांग्यांवर फवारलं तर चांगलंच आहे.

४ ऑगस्ट

सोंगट्या आणि चकत्या. बागेचा खेळ, तर खऱ्या बिया वापराव्यात असं सगळ्यांचंच म्हणणं. तूर आणि हरभरा डबीत ठेवले होते. पावसाळ्यात भुंगे लागले, डबीत पीठ. गुंजा सुचवल्या गेल्या, लाल-काळ्या, दिसायला देखण्या. त्या ठाम नाकारल्या : गुंजेत ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं, आणि बी चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. लहान मूल असलेल्या घरातल्या पटावर ती नको म्हणजे नको. सीताफळाच्या बियाही त्याच कारणानं बाद.

लाकडी चकत्या करून घ्यायच्या. लाल-हिरवा काही जणांना वेगवेगळा दिसत नाही, म्हणून प्रत्येक खेळाडूची चकती रंगाबरोबर आकारानंही वेगळी : पान, फूल, फळ, शेंग. चिंचोके तेवढे अस्सल राहतील.

३ सप्टेंबर

तान्हा पोळा. लाकडी नंदी घेऊन गल्लीतली पोरं बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला आली, आणि त्यातली चार संध्याकाळी पटावर बसली. घरच्यांना नियम पाठ झालेले. परकी पोरं काय करतात ते बघायचं होतं. मी काही न बोलता कोपऱ्यात वही घेऊन बसले.

जे पाहिलं ते : चिंचोके टाकायला भांडण. म्हणून टाकण्याचा मान दर महिन्याला डावीकडं सरकेल. ज्याच्याकडं चिंचोके तो त्या महिन्याचा ‘मिरग’. चिखलाची चकती बघून एक मुलगी दोन महिने थांबली, आणि वाफसा उलटल्यावर तिनं जो आरडाओरडा केला तो ऐकून बाकीची तिघं पुढच्या झडीला थांबली. कुणी सांगावं लागलं नाही. हौदाच्या बाबतीत मात्र पोरांनी मोठ्यांपेक्षा वेगळं केलं. त्यांनी मार्चमध्येच उरलेले मणी मोजून समान वाटे केले, आणि एकाचं टमाटर सुकत होतं त्याला दोघांनी एकेक मणी दिला. पाणी देणं नियमात नव्हतं. आता आहे.

डाव पन्नास मिनिटांत संपला.

१५ सप्टेंबर

झाडाचे आकडे पक्के केले. आंबियाला नोव्हेंबरमध्ये सहा टोपल्या, मे महिन्यात दोन मणी दिले असतील तर. मृगाला मे महिन्यात पाणी अजिबात नाही, आणि जूनमध्ये एक किंवा दोन पांढरे पडले तरच फुलं. पाऊस पडलाच नाही किंवा कोसळला तर त्या वर्षी झाड रिकामं. आठात सहा वेळा जमतं. मृगाच्या आधी सात टोपल्या ठेवल्या होत्या; सरासरी सव्वापाच येते, आणि हिशेब न मांडताही सगळे आंबियाकडं वळायला लागले. आठ केल्या, सरासरी बरोबर सहा. गारपिटीची धास्ती मृगवाल्याला जास्त, पण मे महिन्यात त्यानं पाण्याचे दोन मणी राखले, ते हौदात सगळ्यांच्या कामी येतात. त्याचं श्रेय म्हणून मृग धरणाऱ्याला जूनमध्ये पहिली चाल.

प्रत्यक्षात झाडाचं गणित याहून किती गुंतागुंतीचं आहे याची मला जाणीव आहे. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेलं कलम, सहा बाय सहा मीटरवर लावलेलं, फळावर यायला चार-पाच वर्षं, मुळाशी पाणी साचलं की डिंक्या रोग. नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यासाठीच तर आहे. पटावर त्यातलं एकच घेतलं : पाणी देणं आणि पाणी तोडणं या दोन्ही तितक्याच जबाबदारीच्या गोष्टी आहेत. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे नियमपुस्तिकेच्या मागच्या पानावर एका ओळीत येईल.

२९ सप्टेंबर

अतिवृष्टीचं चित्र काढताना घरात सगळ्यांना २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवली. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. पोरीनं विचारलं, हौद भरला की आनंद का म्हणून? बरोबर आहे तिचं. हौद मर्यादेच्या वर गेला तर जास्तीचे मणी सगळ्यांत कमी टोपल्या असलेल्याच्या वाडीत शिरतात असा नियम मांडून बघितला, पण मागं पडलेल्यालाच आणखी खाली ढकलणारा नियम मला नको. शेवटी : हौद ओसंडला तर पुढच्या महिन्यात प्रत्येकाचं एक काम गाळ काढण्यात जाईल. सगळ्यांचं सारखं.

१३ ऑक्टोबर

छपाई. बारा बाय अठरा इंचांच्या शीटवर अठरा कार्डं बसतात, म्हणून गड्डी चोपन्नची : पिकं छत्तीस, कीड-रोग बारा, शेजार सहा. तीन शीटमध्ये काम होतं, कागद वाया जात नाही. तीनशे जीएसएम आर्ट कार्ड. छापखान्यातल्या काकांनी एकाच बाजूला लॅमिनेशन सुचवलं, स्वस्त पडतं म्हणून. नमुना काढून घरी ठेवला तर कार्डं पापडासारखी वळली. दोन्ही बाजूंनी मॅट केलं की सरळ राहतात, आणि ट्यूबलाइटखाली चकाकत नाहीत, त्यामुळं सासूबाईंना चष्मा वर-खाली करावा लागत नाही. पिकाचं नाव मोठ्या टाइपात, महिने आकड्यांऐवजी ठिपक्यांनी. पोराला वाचायला वेळ लागतो, ठिपके तो झटकन मोजतो.

नियमपुस्तिका आठ पानांची. पहिल्या पानावर मुठीतली माती : तीन चित्रं, चिखल, वाफसा, ढेकूळ.

२७ ऑक्टोबर

दोघांच्या डावावर काम उरलं होतं. चौघांत जो खेळ बोलका आहे तो दोघांत मिटून जातो, कारण कार्ड बदलायला शेजारी एकच, आणि तो नाही म्हणाला की ‘थांब’ पुन्हा पोकळ. नवरा आणि मी रात्री खेळून बघतोय. उपाय असा : मधे एक तिसरी वाडी मांडायची, मालक गावाला गेलाय असं समजून. तिच्या कुंपणावर तीन पिकांची कार्डं उघडी. थांबणाऱ्यानं त्यातलं एक घ्यायचं आणि आपलं एक ठेवायचं; त्या वाडीतल्या झाडाला मे महिन्यात दोघांनी मिळून एक मणी द्यायचा. दिला तर नोव्हेंबरमध्ये तिच्या दोन-दोन टोपल्या दोघांनाही. नाही दिला तर कुंपणावर पुढं दोनच कार्डं.

काल हा नियम चालला. मणी कुणी द्यायचा यावर आम्ही जेवढा वेळ बोललो तेवढा मे महिना आजवर कुठल्या डावात लांबला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत काकूंकडं आणि काटोलला मामांकडं हाच डाव दोघादोघांना खेळायला देणार आहे, वही सोबत. त्यांच्याकडून आकडे आले की पुस्तिकेचं सातवं पान पक्कं होईल, आणि चिंचोके घासायला बसायचं.